सकाळचा हात

सुर्वे मॅडमनी ब्रेक सोडून ॲक्सिलरेटर पिळला, तशी स्कूटी मांडवीच्या त्या मोकळ्या रस्त्यावरून समोरच्या चिऱ्यांच्या गडग्याकडे उधळली. मागे बसलेल्या मैनेला विचार करायला वेळच मिळाला नाही. तिच्या मांड्या आपोआप आवळल्या, पाठ वाकली, हात मॅडमच्या काखेखालून पुढे गेले आणि तोंडातून, खरं तर पोटातूनच कुठून तरी, एक आवाज निघाला. हो... हो गो बाय... हो... लांबवलेला, हळू, अंगाईसारखा. ब्रेक लागला. गडगा हातभर अंतरावर राहिला. इंजिन बंद पडलं आणि समुद्राची गाज पुन्हा ऐकू यायला लागली. गाडी ब्रेकमुळे थांबली, आवाजामुळे नाही, हे मैनेला कळत होतं. तिच्या अंगाला मात्र ते कळलेलं नव्हतं. अंग वाट बघत होतं. आता खाली मान थरथरेल, घामाची वाफ उठेल, नाकपुड्यांतून फुर्रकन श्वास सुटेल. खाली नुसता तापलेला पत्रा होता.

"मैना, अगं तू मला घोडी समजलीस की काय?" सुर्वे मॅडम घाबरून हसत होत्या. बँकेत कॅशियर असलेल्या, पंचेचाळिशीतल्या सुर्वे मॅडम नवऱ्याला न सांगता गाडी शिकायला येत. ओढणीने कपाळ पुसत त्या म्हणाल्या, "पण काय ग बाई तो आवाज! मला वाटलं, खरंच कुणीतरी सांभाळलं आपल्याला."

मैनाही हसली. उतरून तिने गाडी गडग्यापासून मागे ओढली. रत्नागिरीत येऊन तिला तीन वर्षं झाली होती आणि तीन वर्षांत तो आवाज तिच्या तोंडून एकदाही निघाला नव्हता. तो तिने तिकडेच, रेसकोर्सवर टाकला, अशी तिची समजूत होती. तो आत असाच, अंग चोरून बसून राहिला होता, आणि सकाळच्या फोनने जागा झाला होता.

फोन तिला आलाच नव्हता. तो तिच्या वडिलांना, आत्माराम तांब्यांना आला होता. ती अंघोळीला गेलेली असताना. ती केस पुसत बाहेर आली तेव्हा आबा चहा पुढ्यात घेऊन बसले होते आणि चहावर साय धरली होती.

"डिमेलो साहेबांचा फोन होता. मोगरी गेटात जात नाय म्हणतायत. रेसला दोनदा फिरली. आणखी एकदा फिरली तर रेसमधून कायमची काढतील तिला. तुला बोलावलानी. आठवडाभर सकाळची तिच्यावर बस, म्हणतायत."

"आणि रेसला?"

"रेसला रितेश."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"मी काय सांगणार? हो म्हटलंय," आबा म्हणाले, आणि सायीसकट चहा पिऊन टाकला.

तिने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. हेल्मेट घेतलं आणि शिकवणीला निघून आली. आता सुर्वे मॅडम गेल्यावर तिने पुढच्या बाईंना फोन करून गाडी बिघडल्याचं सांगितलं. मग त्याच न बिघडलेल्या गाडीवर बसून, कुठे जायचं ते न ठरवता, भाट्याचा पूल ओलांडून पावस गावच्या रस्त्याला लागली. उभं राहणं तिला शक्यच नव्हतं. पायांना काहीतरी आवळून धरायला हवं होतं आणि स्कूटीवर आवळण्यासारखं काही नसतं. स्कूटीवर माणूस खुर्चीवर बसल्यासारखा बसतो. बायकांना शिकवताना ती हेच सांगत असे, घाबरू नका, नुसतं खुर्चीवर बसल्यासारखं बसा. आज तिला त्या वाक्याची शिसारी आली.

पळत्या घोड्यावर ती कधी बसलीच नव्हती. बसतात ते मालक लोक, फोटोपुरते. ती पाठीच्या वर, हवेत, घोट्यांवर तोललेली असायची, आणि खाली ते सगळं उसळतं अंग तिचं असायचं. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. लांज्याकडच्या गावातून आबांनी तिला वरघाटी, घाटापलीकडच्या शहरात नेलं. तिथल्या रेसकोर्सवर ते मोतद्दार होते. घोड्याला खरारा करायचा, चारा घालायचा, त्याच्या दारात पोतं टाकून झोपायचं, ही त्यांची नोकरी. तबेल्यामागच्या खोलीत ती वाढली. ओल्या गवताचा, घामाचा आणि औषधी तेलाचा वास तिच्या शाळेच्या गणवेशाला यायचा, आणि वर्गातल्या मुली बाक सरकवून घ्यायच्या. पहिल्यांदा आबांनीच तिला घोड्यावर चढवलं होतं, एका म्हाताऱ्या, थकलेल्या घोड्यावर. आणि मग खालून वर तिच्याकडे बघत ते असे काही हसले होते, की तसं हसणं तिने पुढे कधीच पाहिलं नाही. डिमेलो साहेबांनी, म्हणजे तिथल्या ट्रेनरनी, तिला शिकाऊ जॉकी म्हणून घेतलं तेव्हा साहेबांचं केवढं कौतुक झालं. मोतद्दाराची पोर, तीही मुलगी! छायाचित्रकार आले. लिपस्टिक लावून घोड्याच्या गालाला गाल लावायला सांगितला. घोडा मान काढून घेत होता, त्याला लिपस्टिकचा वास आवडला नव्हता.

पण कपडे बदलायला जागा नव्हती. जॉकींची खोली म्हणजे पुरुषांची खोली. तिच्यासाठी जुनी खोगिरं ठेवायच्या खोलीत एक पडदा बांधला होता आणि मोडकी खोगिरं घ्यायला कुणीही, कधीही आत यायचं. वजनाच्या काट्यावर उभं राहायचं ते सगळ्यांसमोर, पांढऱ्या तंग विजारीत. पाळीच्या दिवसांत ती काट्यावर पाठ भिंतीला करून उभी राहायची आणि तिथला कारकून म्हणायचा, "अगं, सरळ उभी राहा की!" कठड्यापलीकडून माणसं ओरडायची, "ए, घरी जाऊन भाकऱ्या थाप!" घोडा हरला की मग तर सगळेच ओरडत. तेही चाललं असतं. त्या ओरडण्यावर ती दात आवळून पळायची. पण पळायला घोडाच मिळायचा नाही. पहाटे धुक्यात जे घोडे ती पळवायची, ज्यांच्या कुठल्या पायात किती जोर आहे ते तिला ठाऊक असायचं, त्यांच्यावर रेसच्या दिवशी दुसराच कुणीतरी चढायचा. तिच्या वाट्याला यायचे ते ज्यांना कुणी हात लावत नसे असे, म्हातारे, दुखरे, बिथरलेले. "मैना, बेटा," साहेब खांद्यावर थोपटून म्हणायचे, "तुझा हात सकाळचा आहे. काय हलका हात! दुपारी ताकद लागते." कितीतरी वर्षं ती हे कौतुक म्हणून ऐकत आली. सकाळचा हात! घरी येऊन तिने ते आबांना सांगितलं होतं आणि दोघं खूश झाली होती.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कलमांच्या बागा लागल्या. फेब्रुवारीचं ऊन, मोहोर दाटलेला, त्यात कुठे तरी फवारणी चाललेली. गोड वासात औषधाचा उग्र वास मिसळून घशात बसत होता. मैनेने गाडी एका चढावर थांबवली. लगेच पुन्हा चालू केली. पुन्हा थांबवली.

मोगरी. रेसच्या पुस्तकात तिचं नाव काहीतरी लांबलचक इंग्रजी होतं. कपाळावरच्या पांढऱ्या कळीमुळे मोतद्दार तिला मोगरी म्हणायचे. दोन वर्षांची आली तेव्हा कुणाला जवळ येऊ देत नसे. आणि गेट म्हटलं की संपलंच. गेट म्हणजे लोखंडी खण; रेस सुरू व्हायच्या आधी प्रत्येक घोड्याला त्या अरुंद खणात उभं करतात आणि मागून दार लावतात. मोगरी खणासमोर आली की दोन पायांवर उभी राहायची. माणसं मागून हातात हात गुंफून तिला ढकलायची, डोक्यावर फडकं टाकायची, चाबूक वाजवायची. मैनेने सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं होतं. ती नुसती वर बसून राहिली. तळवा मानेच्या बुडाशी टेकवून. हो गो बाय. बघ. बघून घे. मोगरीने मान खाली घातली, जमिनीवर फुंकर मारली, धूळ उडाली, ती धूळ बघितली. किती तरी वेळाने एक पाय आत टाकला, काढून घेतला. असे किती दिवस गेले! साहेब घड्याळ बघायचे आणि निघून जायचे. आणि एका सकाळी ती आपली आपण आत गेली आणि आत उभी राहून जांभई दिली. मैना तिच्या मानेवर पालथी पडून रडली होती, तेही तिला आत्ता, या चढावर आठवलं.

मोगरीच्या पहिल्या रेसला मैनाच होती, कारण मोगरीकडून कुणाला काही अपेक्षाच नव्हती. मोगरी जिंकली. मग मोठी रेस आली. मालक शेट म्हणाले, मुलीला बसवलं तर लोक हसतील. साहेबांनी हे तिला सांगितलंच नाही. तिने ते फळ्यावर वाचलं. मोगरीसमोर रितेशचं नाव होतं. रितेश तिच्याबरोबरच शिकलेला, वाईट नव्हता. तिच्याजवळ येऊन खाली बघत म्हणाला, "मी काय करू मैना? मला बसवलं, मी बसणार." आणि आबा म्हणाले होते, "साहेबांचं बरोबर हाय. मोठ्या रेसात रेटारेटी असते. उगाच पडलीबिडलीस तर?" तिने कठड्यापाशी मोतद्दारांच्या घोळक्यात उभं राहून मोगरीला जिंकताना पाहिलं. संध्याकाळी आबांनी पेढे आणले. मालकांनी सगळ्या मोतद्दारांना वाटले होते. आबांनी पेढा तिच्या तोंडासमोर धरला आणि तिने तो खाल्ला. या एका गोष्टीची तिला अजून लाज वाटत होती. पडण्याची नाही. पडली ती पुढे, एका लंगड्या घोड्यावरून. खांद्याचं हाड मोडलं. हाड सांधेपर्यंत तिच्या सकाळीसुद्धा वाटल्या गेल्या होत्या. "आता पोरीचं लग्नाचं बघ, आत्माराम," साहेब म्हणाले. आबांची नोकरी संपत आली होतीच. दोघं इकडे आली.

आणि आता मोगरी गेटात जात नव्हती. मागून ढकलत असतील, फडकं टाकत असतील. तिला वाट बघणारं माणूस लागतं, एवढं साधं कुणाला कळत नसेल? मैनेला वाटलं, जावं. आजच जावं. घोड्याने काय बिघडवलं कुणाचं? पहाटेचं धुकं, तळव्याखाली ती थरथर, तिचं अंग भुकेल्यासारखं त्याकडे धावलं. आणि त्याच क्षणी आठवडाभरानंतरची दुपार दिसली. ती कठड्यापाशी उभी आहे, आणि मोगरी गेटात जाते आहे, शहाण्यासारखी, पाठीवर रितेश. तिने फोन काढला आणि साहेबांना लावला. स्वतःहून, पहिल्यांदाच.

"मैना! बेटा, कधी निघतेस?"

"साहेब, रेसला मला बसवा."

पलीकडे साहेब हसले. "तीन वर्षं तू घोड्यावर नाहीस. वजन किती आहे तुझं आता?"

"वजन मी उतरवते. या रेसला नको, पुढच्याला बसवा. पण आधी तसं सांगा. माझं नाव लावीन म्हणा."

"मालक ऐकणार नाहीत. तुला माहीत आहे. हे बघ, मोगरी परत फिरली तर तिला विकतील. कुठे जाईल माहीत आहे? लग्नाच्या वरातीत नाचवतील तिला. तुला चालेल?"

साहेबांना नेमकी कुठे टाच मारायची ते ठाऊक होतं. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं.

"चालणार नाही," ती म्हणाली. "पण ते तुम्ही करताय साहेब, मी नाही." आणि फोन बंद केला. मग ती बराच वेळ त्या चढावर गाडीच्या बाजूला उकिडवी बसून राहिली. आपण बोललो ते खरं होतं का नुसतं छान होतं, हे तिला ठरवता येईना. मोगरीला त्यातलं काय कळणार होतं?

ती घरी आली तेव्हा ऊन कललं होतं. आबा दारातच बसले होते. शर्ट इस्त्रीचा, पायात बूट. लांज्याला निघालेला माणूससुद्धा इतका नटत नाही. तिच्या जुन्या, जॉकीच्या बुटांना तेल लावून त्यांनी ते पडवीत ठेवले होते.

"जात नाही मी," ती म्हणाली.

"साहेबांचा परत फोन येणार हाय. काय सांगू मी त्यांना?"

"सकाळी मला न विचारता हो सांगितलंत, तसंच आता नाही सांगा."

आबांचा चेहरा पडला. ते काही बोलणार तोच फोन वाजला, आणि आबा उठून उभे राहिले. साहेबांचा फोन ते कधी बसून घेत नसत, इतक्या लांबूनसुद्धा. मैना चुलीपाशी जाऊन पाठ करून उभी राहिली. तिला ते ऐकायचं नव्हतं. पण दोन खोल्यांच्या घरात न ऐकायला जागा कुठे असते?

"हो साहेब... हो... आलीय घरी... नाय साहेब, रागावली नाय, पोर हाय, बोलते... हो, समजावतो..." मग बराच वेळ नुसते हुंकार. मग आबांचा आवाज बदलला. इतका खाली गेला की मैनेने नकळत मान वळवली. "साहेब, एक बोलू काय? मोगरीला गेटात पहिल्यांदा घातलान कुणी?... हां. मग तीच बसूदे की साहेब. पडली तर पडेल. सगळेच पडतात." पलीकडचं बोलणं लांबत गेलं. आबांनी डोळे मिटून घेतले होते. "मालकांचं मला माहीत हाय. नाय साहेब. मग नाय पाठवत मी." त्यांनी डोळे उघडून चुलीकडे पाहिलं. "म्हणजे, तीच येत नाय म्हणते. मी पाठवणारा कोण?"

फोन ठेवला तरी ते उभेच राहिले. हात इस्त्रीच्या शर्टावरून खालीवर फिरत होता. "राग धरलानी," ते म्हणाले. "तीस वर्षांत पहिल्यांदा." मैनेला त्यांच्याजवळ जावंसं वाटलं, पण त्यांच्या घरात कुणी कुणाजवळ असं जात नसे. तिने भात वाढला. ते जेवले नाहीत. पुढचे दोन दिवस दोघं एकमेकांच्या आजूबाजूने वावरत राहिली आणि तिसऱ्या दिवशी आबा मासे निवडता निवडता एकदम म्हणाले, "पण त्या जनावराची काय चूक गो?" त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. ते खरंच विचारत होते. रोज सकाळी तिला जाग यायची ती तिकडच्या वेळेला, तबेल्याच्या वेळेला. ती अंधारात बसून राहायची. आज कोण बसलं असेल? आज कितव्यांदा फिरली असेल? शिकवताना ती दोनदा सुर्वे मॅडमवर विनाकारण ओरडली, आणि मॅडम गाडी फिरवत राहिल्या. मॅडमचा तोल आता सुधारला होता.

रविवारी दुपारी आबांनी मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. रेस मोबाइलवर दिसते हे त्यांना कुणी शिकवलं होतं कोण जाणे. "मी बघत नाही," मैना म्हणाली आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. पडद्यावर घोडे बोटाएवढे दिसत होते. तरी तिने मोगरीला लगेच ओळखलं. थोराड झाली होती, पोट खाली आलं होतं. वर रितेश, निळ्या-पिवळ्या रंगात. निवेदक घोड्याचं नाव सांगत होता, मालकाचं, ट्रेनरचं, जॉकीचं. एकेक घोडा गेटात शिरत होता. मोगरीची पाळी आली, आणि ती थांबली.

"फिरली," आबा पुटपुटले आणि त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

मागून माणसं धावली. हात गुंफले. रितेशने चाबूक वर घेतला, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, खाली केला. हाताने मागच्या लोकांना थांबवलं. मोगरीने मान खाली घातली. जमिनीवर फुंकर मारली असावी; एवढ्याशा पडद्यावर धूळ दिसत नव्हती, पण मैनेला दिसली. मोगरी थांबली होती. तिला कुणी काही करत नव्हतं. ती बघत होती, बघून घेत होती. मैनेचा तळवा जमिनीवर टेकलेला होता आणि घामाने ओला झाला होता. एक पाय आत. बाहेर. मग, कुणीही न ढकलता, आपली आपण, ती पुरी आत गेली. मागून दार लागलं. कान ढिले होते. ती घाबरलेली नव्हती.

मैनेच्या छातीतून जे वर आलं, त्याला काय म्हणायचं हे तिला कळेना. तिच्यावाचून झालं होतं. मैना गेली नाही तरी चालणार होतं, आणि ती गेलीही नव्हती. तिने दिवसचे दिवस ज्याची वाट बघितली, ते मोगरीच्या अंगात तसंच होतं, अजून, आणि त्यावर आता दुसरा माणूस बसला होता. तिला हसू येत होतं आणि कुणाला तरी मारावंसं वाटत होतं. डोळे भरून पडदा पाण्याखाली गेला. गेट उघडल्याची घंटा वाजली, निवेदकाचा आवाज चढत गेला, गर्दी ओरडली, कुणाची तरी नावं एकमेकांवर आदळली आणि सगळं शांत झालं. ती मनात अजून त्या बंद दाराकडेच बघत होती.

आबांनी भिंतीकडचं तोंड हळूच वळवलं. "गेली आत?"

"गेली."

"मुकाट?"

"आपली आपण."

आबांनी मान हलवली, कितीतरी वेळ हलवत राहिले. मग भीत भीत त्यांनी विचारलं, "कितवी आली?"

मैनेने त्यांच्याकडे पाहिलं.

"बघितलंच नाही," ती म्हणाली.